चालकाला झोपू द्या

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरच्या फूड मॉलमध्ये सुट्टीच्या सकाळी पाय ठेवायला जागा नसते. वडापाव, मिसळ, चहा, की लगेच गाडी पुन्हा रस्त्यावर. जेमतेम 95 किलोमीटरच्या त्या प्रवासात हे चालून जातं. पण हीच सवय आपण 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावरही नेली आहे. तिथे मैलोन्‌मैल सरळसोट रस्ता, ना सिग्नल ना गाव. डोळा कधी लागतो ते कळतही नाही. त्यात सकाळी लवकर पोहोचायचं म्हणून लोक रात्रीच निघतात. थांब्यावर घरचे सगळे उतरून निवांत जेवतात आणि भाड्याच्या गाडीचा चालक बाहेर टायर तपासत उभा असतो. ‘दादा, अर्धा तास आडवे व्हा, आम्ही थांबतो’ असं त्याला कोणीच म्हणत नाही. चहाने झोप जात नाही, थोडी पुढे ढकलली जाते. काही जण तर कडेच्या पट्टीवरच गाडी लावून डबे उघडतात, हे फारच भयंकर आहे. रस्ते विकास महामंडळाने प्रत्येक थांब्यावर चालकांसाठी खाटा, पंखे आणि स्वच्छतागृह असलेली विश्रांतीची खोली द्यावी, आणि तिचा फलक उपाहारगृहाच्या फलकाइतकाच मोठा असावा.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर