बारदानवाल्या काकांना मनापासून

काका, नमस्कार. तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, पण सिन्नरकडचं कोणी वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचेल म्हणून लिहितोय. एप्रिलमध्ये सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळात भर दुपारी तुम्ही ज्या म्हाताऱ्या माणसासाठी बारदान अंथरलं ना, ते माझे वडील.

अण्णांनी नाशकात आयुष्यभर गवंडीकाम केलं. गोंदेश्वर नीट बघायचं त्यांच्या फार मनात होतं. मागच्या वर्षी एका ग्रुपबरोबर पैसे भरून गेलो होतो. अण्णांना शुगर आहे, पायाला चटका कळत नाही, हे बुकिंगच्या वेळीच सांगितलं होतं. तरी तिथं वीस मिनिटं दिली आणि वर "पटपट चला आजोबा, दोन मिनिटांचं तर आहे". रात्री घरी बघतो तर तळपायाला हा एवढा फोड, दोन महिने ड्रेसिंग चाललं. फोन केला तर म्हणे आधी सांगायचं ना. अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

म्हणून यावेळी आम्ही दोघंच निघालो, सकाळी लवकर, पण वाटेत गाडी पंक्चर झाली आणि पोचेस्तोवर बारा वाजले. जाड मोजे होते जवळ, पण तो काळा दगड असा तापलेला की माझाच पाय टेकेना. आणि अण्णांना तर सगळं फिरून बघायचं होतं, मधलं महादेवाचं मोठं देऊळ, समोरचा नंदी आणि चार कोपऱ्यांतली विष्णू, गणपती, पार्वती, सूर्याची छोटी देवळं. ते म्हणाले जाऊदे, इथूनच हात जोडतो. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात तुम्ही आलात. काही विचारलं नाही, गाडीतल्या कांद्याच्या गठ्ठ्यातून दोन बारदानं ओढली, कॅनमधलं पाणी त्यांच्यावर ओतलं आणि अण्णांच्या पुढं अंथरलीत. "बाबा, ठेवा पाय." ते पुढच्यावर गेले की मागचं उचलायचं, पुढं टाकायचं. असं पाची देवळांपाशी, वाकून वाकून, आणि वयानं तुम्ही काही अण्णांपेक्षा फार लहान नव्हतात काका. मी घेतो म्हणालो तर म्हणालात, तुम्ही त्यांचा हात धरा.

सभामंडपात सावलीत आल्यावर अण्णा खांबापाशी किती वेळ थांबले ते तुम्ही बघितलंच. दोन दगडांच्या सांध्यावर नख फिरवत होते. चुना नाही, काही नाही, दगडावर दगड बसवलेला, आणि अकराव्या-बाराव्या शतकापासून उभंय. सगळे हेमाडपंती म्हणतात, पण यादवांचे मंत्री हेमाडपंत तेराव्या शतकातले, हे देऊळ त्यांच्या आधीचं, देवगिरीच्याही आधी यादवांची राजधानी इथं सिन्नरला होती तेव्हाच्या आसपासचं. हे मी अण्णांना सांगत होतो पण त्यांचं लक्ष कुठं, ते शिखराकडं बघत होते, छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढत गेलेल्या. म्हणाले, "ज्यानं हे बसवलं त्याला कुठंच घाई नव्हती." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी येताना दोन्ही बाजूंना कांदा काढणी चाललेली, बायका ऊन डोक्यावर घेऊन पात कापत बसलेल्या, तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की काढणीच्या दिवसांत बारदान किती लागतं, आणि ओल्या बारदानात कांदा भरता येत नाही, सडतो. तुमची दोन बारदानं त्या दिवसापुरती तरी वाया गेली. मी पैसे पुढं केले तर तुम्ही हात मागं घेतलात, "वाळतील की" एवढंच. ज्यांना पैसे भरले त्यांना दोन मिनिटं थांबता आलं नाही आणि तुम्ही कामाच्या गर्दीतला तास दिलात. तुमच्यासारखी माणसं अजून आहेत, खूप आहेत, फक्त ती बोर्ड लावून बसत नाहीत.

रात्री डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे आरसा धरून अण्णांचे तळपाय बघितले. एक डागसुद्धा नव्हता. दिवा घालवला, आणि बऱ्याच वेळानं अंधारात अण्णांनी विचारलं, "त्या माणसाचं बारदान वाळलं असेल का रे?"