जुनी गाडी रंगवू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटची सक्ती आल्यापासून आमच्या भागात एक गोष्ट फार वाढलीय आणि ती बघून जीव तुटतो, म्हणून हे पत्र. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ही प्लेट लागते, मग लोक मोबाईलवर बुकिंग करायला बसतात, वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या राजदूत, येझदी मोटारसायकलचा नंबर टाकतात तर रेकॉर्डच सापडत नाही, आणि मग घरातलं कोणीतरी म्हणतं जाऊ द्या, कुठं डोकं लावता, भंगारवाल्याला देऊन टाका. पारोळा, अमळनेर, शिरपूर, शहादा, कुठंही जा, हेच ऐकायला मिळतं. चालू इंजिनची, मूळ रंगाची गाडी किलोच्या भावात जाते.

कृपा करून थांबा. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा काढली, १९७३ पासून येझदी नावाने गाड्या यायला लागल्या आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. म्हणजे पहिल्या पहिल्या येझदी आत्ता कुठं पन्नाशी ओलांडतायत. आणि पन्नाशीला महत्त्व आहे, कारण २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमात बदल करून ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना, दुचाकी असो की चारचाकी, व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिलीय. अट एवढीच की गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार नको. नव्याने नोंद करायची तर २० हजार फी आणि १० वर्षांची मुदत, नंबरात व्हीए अक्षरं येतात, पण आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो. हा, अशी गाडी रोज दूध घालायला किंवा शेतात जायला वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. ज्यांना रोज चालवायचीय त्यांनी नेहमीसारखं नोंदणीचं पाच-पाच वर्षांचं रिन्यूअल करत राहावं, त्याला कोणाची ना नाही.

माझ्याकडे १९७४ ची येझदी आहे. एरंडोलकडच्या एका खेड्यात मिळाली, मास्तरांची गाडी होती, मास्तर गेले आणि गाडी ओसरीत गोधडीखाली तशीच उभी राहिली. त्यांच्या घरातल्या आजींनी व्यवहाराचं बोलायच्या आधी लोखंडी पेटीतून पासबुकांच्या खालचं आरसी बुक काढून दाखवलं, मी चेसिसवरचा नंबर फडक्याने पुसून पुसून वाचला, मग इंजिनवरचा, दोन्ही बुकाशी जुळले. टाकीच्या दोन्ही बाजूची गुडघ्याची रबरं मूळची, मरून रंग मूळचा, त्यावरच्या सोनेरी रेघा हाताने मारलेल्या, नीट पाहिलं तर एका ठिकाणी कारागिराचा ब्रश जरा जाड झालाय तेही दिसतं. ती जाड रेघ मला सगळ्या गाडीत जास्त प्रिय आहे. गाडी टेम्पोत चढवली तेव्हा आजी एवढंच म्हणाल्या, "त्यासनी गाडी शे, जपीसन वापरजो."

आपल्याकडे गाड्या टिकतात त्याला हवाही कारण आहे. मे महिन्यात आपण भाजून निघतो खरं, पण कोरड्या हवेत लोखंड कोकणासारखं गंजत नाही. फक्त गोठ्यात ठेवू नका, तिथल्या ओलीने आणि गोमूत्राने क्रोम खाल्लं जातं. आणि वर्षानुवर्षं बंद असलेली गाडी सापडली की लगेच चार पोरं मिळून किक मारायला लागतात, ते आधी बंद करा. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी हाताने हळू फिरवून बघा. टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारा, गंज असेल तर तो कार्बोरेटरमध्ये जायच्या आत टाकी साफ करून घ्या. टू स्ट्रोक गाडी खूप दिवस उभी राहिली की क्रँकचे, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचे, ऑइल सील वाळतात, मग गाडी चालू होते पण रेस आपोआप वाढते नाहीतर गिअरचं ऑइल ओढून भसाभस धूर सोडते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, सील बदलले की झालं. येझदीला तर किक आणि गिअरचा दांडा एकच असतो, नवीन पोरांना तो बघूनच गंमत वाटते. असं काम जाणणारे जुने मिस्त्री अजून भुसावळ, चाळीसगाव, धुळ्यात आहेत, त्यांच्या हाताखाली कोणी शिकत नाहीये ही वेगळीच चिंता.

आता रंगाचं. गाडी घरात सापडली की पहिलं काम काय, तर घासून काढायची, चकचकीत मेटॅलिक कलर मारायचा, जाड टायर, एलईडी हेडलाईट, मूळचे दोन सायलेन्सर काढून आवाजाचा एक लावायचा, वर रील टाकायची. नियमात रंगाचं नाव नाही हे मला माहितीय, पण मूळ रंग एकदाच असतो, तो घासला की गेला, मग कितीही पैसे ओता तो परत येत नाही. ओरखडे असू द्या, ते मास्तरांच्या, शेतकऱ्यांच्या वापराचे आहेत. सौम्य साबण, मऊ कापड, वॅक्स, बस. जे पार्ट निघतील ते फेकू नका, डब्यात ठेवा. आणि शहरातला कोणी गोड बोलून मूळ इंजिन देता का, दुसरं बसवून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा, कारण इंजिन नंबर गेला की बुकाशी जुळवणी गेली.

कागदांचं मात्र खरंच अवघड आहे. १९८९ च्या आधीचे नंबर आताच्या एमएच पद्धतीचे नसून तीन इंग्रजी अक्षरांचे, त्यांची नोंद जुन्या रजिस्टरात असते आणि कॉम्प्युटरवर यायला बॅकलॉग एन्ट्री करावी लागते. त्यात नंदुरबार जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ ला झाला, त्यामुळे शहादा, तळोद्याच्या जुन्या गाडीचा मागोवा धुळ्यापर्यंत जातो. मालक वारलेला असेल तर वारसाच्या नावावर करायला ३१ नंबरचा फॉर्म, विकत घेतली असेल तर २९ आणि ३०, हे सांगणारं कोणी भेटत नाही. मला एका ऑफिसात या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवत राहिले, शेवटी एका वयस्कर कारकुनाने स्वतः उठून रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि नोंद सापडली! म्हणजे नोंदी आहेत, शोधणारा पाहिजे. आणि वीस वर्षांवरच्या दुचाकीची रिन्यूअल फी २०२५ पासून २ हजार झालीय, पर्यावरण कर वेगळा, उशीर झाला तर महिन्यामहिन्याने दंड चढतो, गरीब माणूस हे सगळं ऐकूनच गाडी भंगारवाल्याच्या काट्यावर चढवतो.

म्हणून आपल्या पेपरमार्फत जळगाव, धुळे, नंदुरबारच्या परिवहन अधिकाऱ्यांना विनंती की लायसन्ससाठी तालुक्याला जसा कॅम्प लावता तसा एक कॅम्प फक्त जुन्या दुचाकींच्या बॅकलॉग नोंदीसाठी लावा, येताना जुनं रजिस्टर आणि ते वाचता येणारा माणूस सोबत आणा, आणि तारीख आठ दिवस आधी पेपरात द्या. लोक गाड्या घेऊन येतील, आम्ही जुन्या गाड्यांवाले फॉर्म भरायला, नंबर वाचून द्यायला दिवसभर थांबू. आणि वाचकहो, तोपर्यंत घरातली पेटी, माळा, कपाटाचा खण एकदा बघून घ्या, आरसी बुक तिथंच कुठंतरी असेल.

आपला,
एक वाचक, पारोळा, जि. जळगाव