एक जून

दहिवडी,
३ जून २०२५

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

परवा निघताना तू बाळीची वही माझ्या हातात दिलीस. पहिल्या पानावर तिचा जन्म लिहिलाय. तारीख, वार, सकाळी ९ वाजून १७ मिनिटं, वजन २ किलो ९०० ग्रॅम. दहाव्या पानावर माझं नाव आणि खाली तुझ्या अक्षरात, 'आबांच्या कुणालाच माहीत नसलेल्या गोष्टी.' दोन-चार ओळी लिहा म्हणालीस. दोन दिवस पेन घेऊन बसलो. जे आठवत होतं ते त्या पानावर मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र.

रविवारी तू केक आणलास, त्यावर ५८ लिहिलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी, ३१ मेला, मी निवृत्त झालो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. समारंभाला माझ्या रांगेत किती जण नारळ घेऊन बसले होते, तू पाहिलंसच. सगळे एक जूनवाले. आमच्या पिढीतल्या एक जूनबद्दल तू कुठंतरी ऐकलंही असशील, पण आपल्या घरात हा विषय मी कधी निघू दिला नाही. बाळा, मी एक जूनला जन्मलो नाही. सदुसष्ट सालीसुद्धा नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा तुझ्या आजीला सातवा महिना होता. कोयनानगर आपल्यापासून लांब, पण माण तालुक्यातही भांडी फळीवरून खाली आली. पुढं कितीतरी दिवस लोक धक्क्यांच्या भीतीनं अंगणात झोपत होते. आजी सांगायची, "पोटातलं लेकरू त्या रात्री असं फिरलं, की मला वाटलं आता काही खरं नाही." मग शिवरात्र आली. शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव आपलं दैवत, त्यामुळं तिनं नवव्या महिन्यातही उपास केला. दुसऱ्या दिवशी पारणं सोडलं आणि दुपारी कळा सुरू झाल्या. तिला इतकंच ठाऊक होतं. बाकी मी जुन्या पंचांगातून काढलं. त्या साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती, सोमवारी. म्हणजे माझा जन्म मंगळवार, २७ फेब्रुवारी १९६८. अलीकडं दरवर्षी त्या तारखेला शाळेत मराठी भाषा गौरव दिन व्हायचा. मुलं कविता म्हणायची, मी फळ्यावर तारीख लिहायचो आणि कुणाला काही बोलायचो नाही.

मग एक जून कुठून आला? तो दुष्काळातून आला.

बहात्तरचा दुष्काळ त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात अगदी टोकाला गेला होता. मे महिन्यात राज्यभर 50 लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातली एक तुझी आजी. पाझर तलावाच्या कामावर ती दिवसभर मातीच्या पाट्या वाहायची. घरी मी आणि अक्का. अक्का शाळेत जायची, मला सांभाळायला कुणी नव्हतं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आजी कामावर जाता जाता मला घेऊन शाळेत गेली. ते मला लख्ख आठवतं. गुरुजींच्या टेबलावर लाल कापडी पुठ्ठ्याचं जनरल रजिस्टर होतं. त्यांनी विचारलं, "जन्म कधीचा?" आजी म्हणाली, "भूकंपात पोटात होता." गुरुजींनी बोटांवर मोजलं आणि मान हलवली. सहा पूर्ण पाहिजेत. मग मला म्हणाले, "उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर."

मूल सहा वर्षांचं झालं की नाही, हे बघायची तेव्हाची रीत ती. हात कानाला लागला की मूल शाळेचं. माझा हात पोचेना. मी मान वाकडी केली, खांदा उचलला, पायाच्या चवड्यांवर उभा राहिलो. बोटं केसांतच राहिली. आजी काही बोलली नाही. डोक्यावरची चुंबळ काढून हातात धरून नुसती उभी होती. गुरुजींनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि लिहिलं, १-६-१९६७. शेजारच्या रकान्यात अक्षरी, एक जून एकोणीसशे सदुसष्ट. त्या माणसानं मला नऊ महिन्यांनी मोठं केलं, आणि त्याचे उपकार मी आजही मानतो. शाळेत सावली होती, सुकडी मिळायची आणि अक्का शेजारच्या वर्गात होती.

नऊ महिन्यांची नोकरी गेली, तिचं मला काही नाही. नोकरीला लागल्यावर पाच वर्षांच्या आत तारीख दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मी केला नाही. पुरावा काय देणार, शिवरात्रीचा उपास?

पण मी गप्प राहिलो त्याचं कारण वेगळं आहे. ते तुझ्या आईलाही माहीत नाही.

१९९६ च्या जूनमध्ये एक बाई तिच्या मुलीला घेऊन माझ्याकडं आली. ऊसतोडीला जाणारं कुटुंब. दसरा झाला की कोयते घेऊन कारखान्याकडं निघायचे, ते उन्हाळ्यातच परत यायचे. पोरीचं नाव शाळेत लागलं तर ती म्हातारीजवळ गावात राहील, नाहीतर फडात जाईल, असं ती म्हणाली. मी पोरीला म्हटलं, डावा कान धर. तिचा हात पोचला नाही. तिनंही मान वाकडी केली. मी ते पाहिलं आणि लिहिलं, १-६-१९९०. अक्षरीसुद्धा लिहिलं. ती पाचचीसुद्धा नसावी.

तिच्या आईसाठी लिहिलं, असं मी स्वतःला अनेक वर्षं सांगत आलो. ते अर्धं खरं आहे. त्या वर्षी आमचा पट कमी होता. आणखी दोन-तीन नावं लागली नसती तर शाळेतला एक शिक्षक कमी झाला असता, आणि सगळ्यांत नवा मीच होतो. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

पोरगी हुशार निघाली. पाढे असे म्हणायची की मी वरच्या वर्गातल्या मुलांना तिच्यापुढं उभं करायचो. चौथीनंतर ती हायस्कूलला गेली, तिच्याबरोबर दाखल्यावरची माझी तारीखही गेली. २००८ साली जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या लग्नाची पत्रिका आली. बारावी नुकतीच झाली होती. मी तिच्या वडिलांना म्हटलं, अजून लहान आहे. ते म्हणाले, "गुरुजी, अठरा पूर्ण झालीत की, दाखला आहे." माझ्यासमोर त्यांनी दाखला उलगडला. मी काय बोलणार होतो? खरं वय सांगायचं तर रजिस्टर खोटं म्हणावं लागलं असतं, आणि ते मी लिहिलेलं होतं. मी लग्नाला गेलो. अक्षता टाकल्या. पंगतीत पहिल्या ओळीत बसवलं मला. सोळा-सतरा वर्षांची पोर आणि तिचे गुरुजी.

मला नऊ महिन्यांनी मोठं केलं त्यानं मी शाळेत गेलो. तिला मी दीड वर्षानं मोठं केलं, आणि तेच दीड वर्ष तिला शेवटी कमी पडलं. मुलाच्या दाखल्यात वय वाढलं तर पेन्शनीत फरक पडतो. मुलीच्या दाखल्यात वाढलं तर काय होतं, हे मला १९९६ साली कळायला हवं होतं. मी शिक्षक होतो.

त्यानंतर मी अंदाजानं एकही तारीख लिहिली नाही. कागद नसेल तर दवाखान्यात, ग्रामपंचायतीत स्वतः गेलो, आणि मिळेपर्यंत मुलाला तसंच वर्गात बसू दिलं. तू लहान असताना मी सुट्टीच्या दिवशी सायकल काढून कुठं जातो म्हणून आई चिडायची. त्यातल्या बऱ्याच फेऱ्या या कामाच्या होत्या.

पाचेक वर्षांपूर्वी फलटणच्या एसटी स्टँडवर ती भेटली. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. पाया पडली. बरोबर तिची मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची. आमची गाडी लागली होती, फार बोलता आलं नाही. "हिला शिकवणार आहे गुरुजी," एवढंच म्हणाली. मला तिची माफी मागायची होती. कंडक्टरनं घंटी मारली आणि मी चढलो. हे मला अजून झोपू देत नाही. पुढच्या आठवड्यात मी तिच्या सासरच्या गावी जाणार आहे. पत्ता काढलाय.

वहीतल्या पानावर माझी जन्मतारीख २७ फेब्रुवारी १९६८ लिही. खाली कोयनेचा भूकंप आणि शिंगणापूरचा उपास लिही, आजीचं नाव त्यात येऊ दे. मुलीची गोष्ट त्या पानावर लिहायची की नाही, ते तू ठरव. लिहिलीस तर मला चालेल. बाळी शाळेत जाईल तेव्हा तिला कान धरायला कुणी सांगणार नाही, पण एकदा मला तिला ते करायला सांगायचंय. तिचा हात पोचतो का, बघायचंय.

आणि अक्का आत्याला फोन कर. तिला त्या दिवसाचं माझ्यापेक्षा जास्त आठवतं, गुरुजींनी कुठल्या शाईनं लिहिलं तेही सांगते. तिच्या दाखल्यावरही एक जूनच आहे.

तुझे,
पप्पा