गाडी धुण्याच्या पाण्याविषयी मित्रास पत्र

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. बेंगळुरूत अखेर गाडी घेतलीस याचा फार आनंद झाला. ‘पर्यावरणस्नेही’ असे छापलेल्या बाटल्यांपैकी कोणती घ्यावी, असे तू विचारले आहेस. माझ्या मते बाटलीचा विचार नंतर करावा. गाडीला पाणी किती लागते आणि तिच्यावरून उतरलेले पाणी कुठे जाते, हे आधी पाहावे.

नळाला जोडलेल्या पाइपातून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज वाहते. म्हणजे दहा मिनिटे पाइप चालू राहिला, तर शंभर लिटरच्या पुढे पाणी जाते आणि तेच काम दोन बादल्यांत नीट होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून पाण्याची रेल्वे आपल्या लातूरला आली, तेव्हा तिच्या पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी आले होते. ते दिवस आठवले की गाडीवर मोकळा सोडलेला पाइप मला बघवत नाही. तुझ्या शहरातही मार्च २०२४ मध्ये जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी घालून ५,००० रुपये दंड ठरवला होता.

पाणी जाते कुठे, ही बाब मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पार्किंगमध्ये गाडी धुतली की फेस, चाकांवरची ब्रेकची काळी भुकटी, तेलाचा अंश आणि धूळ असे सगळे मिळून पावसाळी गटारात उतरते. त्या गटाराचे पाणी सहसा शुद्धीकरण केंद्रात न जाता थेट ओढ्यात, नदीत किंवा तुमच्याकडे राजकालुव्यांमधून, म्हणजे मोठ्या पावसाळी नाल्यांमधून, तलावांत पोहोचते. बेळ्ळंदूर तलावावरचा पांढरा फेस वाऱ्याने रस्त्यावर येत असे, हे तू जाणतोसच. त्याचे मोठे कारण प्रक्रिया न केलेले सांडपाणी आणि त्यातला साबण हे आहे. गाड्यांचा वाटा त्यात लहान असेल, पण तेवढा तरी आपल्या हातात आहे. म्हणून शक्य असेल तर गाडी मातीच्या किंवा गवताच्या जागेवर धुवावी, म्हणजे पाणी जमिनीत मुरते आणि माती बरीचशी घाण अडवून धरते. फरशीवरच धुवावी लागत असेल, तर बादलीतले उरलेले मळके पाणी गटारात न ओतता शौचालयात टाकावे, कारण ते मलवाहिनीतून सहसा शुद्धीकरण केंद्राकडे जाते.

आता साबणाविषयी. कपड्यांची पावडर वापरू नकोस. ती तीव्र अल्कधर्मी असते आणि रंगावरचा मेणाचा थर उतरवते. गाडीसाठीचा सौम्य, उदासीन (आम्लधर्मी नाही आणि अल्कधर्मीही नाही असा) शाम्पू अगदी थोडा घेतला तरी पुरतो. मी मात्र रिठाच वापरतो. आपल्या घरी दागिने आणि रेशमी साड्या ज्या रिठ्याने धुतल्या जात, तोच. दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून साली रात्रभर लिटरभर पाण्यात भिजत घालाव्यात, सकाळी दहा मिनिटे उकळून कुस्कराव्यात आणि पातळ फडक्यातून पाणी गाळून घ्यावे. त्यातले कपभर पाणी एका बादलीला पुष्कळ होते. फेस कमी येतो, म्हणून धुण्यालाही पाणी कमी लागते. हे पाणी डोळ्यांना झोंबते आणि दोन-चार दिवसांत खराब होते, तेव्हा लागेल तेवढेच करावे. रिठा नैसर्गिक आहे म्हणून तो कुठेही ओतावा, असे मात्र समजू नकोस. त्यातले सॅपोनिन, म्हणजे फेस आणणारे द्रव्य, माशांच्या कल्ल्यांना घातक असते. साबण झाडाचा असो वा कारखान्यातला, त्याचे पाणी ओढ्यात जाऊ नये, हे माझे ठाम मत आहे.

धुताना गाडी सावलीत आणि बॉनेट गार झालेले असावे, नाहीतर पाणी अंगावरच वाळून डाग पडतात. कोरड्या धुळीवर कधीही फडका फिरवू नये. त्या धुळीतली वाळूच रंगावर बारीक ओरखडे उमटवते. आधी झारीने साधे पाणी शिंपडून धूळ मऊ होऊ द्यावी. मग एका बादलीत रिठ्याचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी घेऊन टपापासून खाली येत, प्रत्येक भागानंतर फडका साध्या पाण्यात खळबळून पिळावा. चाके सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या फडक्याने पुसावीत. पक्ष्याची विष्ठा दिसली, तर ती खरवडू नये. ओला फडका तिच्यावर पाच मिनिटे ठेवावा, ती मऊ झाली की अलगद उचलून घ्यावी. ती आम्लधर्मी असते, उन्हात राहिली तर रंगावर कायमचा व्रण पडतो, म्हणून एवढ्या एका कामाला मी रविवारची वाट पाहत नाही.

नळाच्या पाण्याला दोन चांगले पर्याय घरातच असतात. एसीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. ते बादलीत साठवून शेवटच्या धुण्याला आणि काचांना वापरले तर डाग राहत नाहीत. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी याच्या अगदी उलट, क्षारांनी भरलेले असते. ते रंगावर किंवा काचेवर वाळू देऊ नये. रबरी मॅट आणि चाके यांच्यासाठी ते उत्तम आहे. काचेवर जुने पांढरे डाग असतील, तर पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसावे. तेच व्हिनेगर रंगाला, रबराला आणि डॅशबोर्डवरच्या स्क्रीनला मात्र लावू नये.

आतली सफाई मुख्यतः कोरडीच करावी. मॅट काढून बाहेर झटकाव्यात, सीटच्या फटींतून जुन्या रंगाच्या ब्रशने धूळ ओढावी आणि मग व्हॅक्यूम फिरवावा. कापडी सीटवर डाग असेल, तर फिकट रिठ्याच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला फडका पुरतो. रिठ्याला तपकिरी छटा असते, म्हणून आधी कोपऱ्यात लावून पाहावे. वास येत असेल, तर गालिच्यावर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर राहू द्यावा आणि सकाळी ओढून घ्यावा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याची पद्धत फार पसरली आहे, पण ती दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हाती बहुतांशी खारट पाणीच उरते. डॅशबोर्डला चकाकी आणणारे पॉलिश टाळ. त्याची झळाळी समोरच्या काचेत दिसते आणि त्यावर धूळ अधिक चिकटते. सुगंधी डबीही नको. तापलेल्या बंद गाडीत तिच्यातली रसायने आपणच श्वासात घेतो. वास बहुधा ओल्या मॅटचा किंवा एसीच्या मळलेल्या फिल्टरचा असतो, तेव्हा मॅट उन्हात वाळवाव्यात आणि फिल्टर बदलून घ्यावा.

फडक्यांचेही सांगतो. मायक्रोफायबर रंगाला मऊ लागते, पण ते प्लास्टिकच्याच धाग्यांचे असते आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. म्हणून बाहेरच्या रंगापुरती एक-दोन ठेवून बाकी सगळीकडे जुना पंचा किंवा सुती साडीचे तुकडे वापरावेत.

तुमच्या इमारतीत रोज पहाटे गाड्या पुसणारा माणूस आहे, असे तू लिहिले आहेस. त्याला काढू नकोस. एकच बादली आणि एकच फडका घेऊन त्याला पंधरा गाड्या उरकाव्या लागतात. त्यात त्याचा दोष नाही. तुझ्या गाडीसाठी दोन स्वच्छ फडके त्याला वेगळे दे, रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदाच पुसायला सांग आणि महिन्याचे पैसे मात्र पूर्वीइतकेच ठेव. इतर गाडीमालकांनाही पटले, तर एसीचे पाणी साठवायला खाली पार्किंगमध्ये एक पिंप ठेवता येईल. त्याविषयी सोसायटीच्या बैठकीत बोल आणि काय ठरते ते मला कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित