आरोग्य केंद्राच्या भिंतीवर जबाबदारांची पदे लिहा : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : प्राथमिक आरोग्य केंद्रांतील किमान सेवा आणि त्यांची जबाबदारी

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी एका डोंगरी तालुक्यातल्या ग्रामपंचायतीची सदस्य आहे. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीतही बसते. आमच्या आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि सेविका मनापासून राबतात, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला हे पत्र लिहिलेले नाही. माझे मागणे एकच आहे. किमान आरोग्यसेवेतल्या प्रत्येक बाबीला नेमके कोण जबाबदार, हे शासन निर्णय काढून ठरवून द्या आणि केंद्राच्या भिंतीवर सगळ्यांना वाचता येईल असे लिहून लावा.

मानकांची उणीव नाही. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके २००७ मध्ये आली, २०१२ मध्ये सुधारली, २०२२ मध्ये पुन्हा सुधारली. सपाट भागात ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजारांना एक. उपकेंद्र अनुक्रमे पाच आणि तीन हजारांना. कर्मचारी किती, औषधे कोणती, तपासण्या कोणत्या, सारे त्यात आहे. ते कुणी पुरे करायचे, इथे गाडे अडते.

रात्री दोन वाजता कळा सुरू झालेली बाई केंद्रात येते, असे धरा. तिची सुखरूप सुटका व्हायला काय काय जागेवर असावे लागते? वैद्यकीय अधिकारी राज्य सेवेतला. आरोग्य सेविका जिल्हा परिषदेची. जोडीची परिचारिका कंत्राटी असेल तर ती राष्ट्रीय आरोग्य अभियानातली, तिच्या मुदतवाढीचा कागद तिसऱ्याच टेबलावर. रुग्णवाहिकेचा चालक बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराचा माणूस. प्रसूतिगृहाचे छत गळत असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, नळाला पाणी नसेल तर बहुतेक गावांत ग्रामपंचायत, वीज गेली तर महावितरण. औषधांच्या मोठ्या खरेदीसाठी २०२३ च्या कायद्याने स्थापलेले राज्याचे वेगळे प्राधिकरण. आणि बाळ आडवे असेल, पुढे पाठवायची वेळ आली, तर ग्रामीण रुग्णालय येते जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत. आमच्या केंद्राचे वरिष्ठ जिल्हा आरोग्य अधिकारी तिथल्या डॉक्टरांना हुकूम देऊ शकत नाहीत.

यातले एक जरी निसटले तरी त्या बाईला गाडीत घालून शहराची वाट धरावी लागते. सकाळी चौकशीला जावे तर जो तो सांगतो, हे माझ्याकडे येत नाही. वाईट याचे वाटते की त्यातले कुणीच खोटे बोलत नसते.

महोदय, याच राज्याने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम केला. अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी ठरला, मुदत ठरली, अपील कुणाकडे करायचे ते ठरले, विनाकारण टाळाटाळ केली तर दंडही ठरला. बाळाच्या जन्माच्या दाखल्यासाठी आज मी ठरलेल्या माणसासमोर उभी राहू शकते. बाळाच्या आईला रात्री दोन वाजता मिळायच्या सेवेसाठी असा एकही ठरलेला माणूस मला कुणी दाखवून देऊ शकत नाही. जे सूत्र दाखल्यांना चालते ते प्रसूती, लसीकरण, सर्पदंशावरचे इंजेक्शन, रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या यांना लावायला काय हरकत आहे?

आता स्थानिक स्वराज्य संस्थांविषयी. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य आणि स्वच्छता, रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे, दवाखाने स्पष्ट लिहिलेले आहेत. आपल्याकडे तर त्याच्याही कितीतरी आधी, १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. पण बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नंतर काही वर्षे प्रशासकांनीच कारभार पाहिला. आरोग्य सभापती नाही, आरोग्य समिती नाही, सर्वसाधारण सभेत उठून विचारणारा आमच्या गटाचा सदस्य नाही. नेमका हाच काळ ज्यात येतो त्या २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी पंधराव्या वित्त आयोगाने देशभरातल्या स्थानिक संस्थांच्या नावाने आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती. स्थानिक संस्थांच्या नावाचा पैसा, आणि त्याचा हिशेब मागायला निवडून आलेले कुणी नाही. हे पुन्हा घडता कामा नये.

ग्रामपंचायतींना मी यातून वगळत नाही. केंद्रापर्यंतचा रस्ता, पाणी, सांडपाणी, डासांची पैदास ही आमची कामे आहेत आणि ती आमच्याच नावावर लिहा. गाव समितीला वर्षाला दहा हजारांचा अबंधित निधी, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येणारा पैसा, ठरवून दिला आहे. रक्कम लहान आहे, पण ती कशावर गेली हे ग्रामसभेत वाचून दाखवायला सरपंचाला बांधून घ्या.

मात्र जबाबदारी वाटताना ती घरंगळत आशाताईंच्या पदरात पडू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. राज्यात सत्तर हजारांच्या घरात आशा आहेत. शासनाच्या लेखी त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. मोबदल्यासाठी त्यांना २०२३ मध्ये संप करावा लागला. तरीही आढावा बैठकीत गर्भवतीची नोंद उशिरा का, बाळाचे वजन कमी का, क्षयरुग्णाने गोळ्या मध्येच का सोडल्या, हे प्रश्न पहिल्यांदा त्यांच्यावरच येतात. ज्या बाईच्या हातात ना निधी, ना नेमणुकीचा अधिकार, ना गाडी, तिला मानकाबद्दल जाब विचारणे हा अन्याय आहे. ज्याच्या सहीने गोष्ट हलते त्याचे पद फलकावर हवे. आशांचे काम माहिती देण्याचे आणि माणूस केंद्रापर्यंत आणण्याचे. तिथून पुढचे आमचे आणि तुमचे.

लोकांनी काय करायचे, याचा धडा महाराष्ट्राला नवा नाही. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाअंतर्गत लोकाधारित देखरेख सुरू झाली, ती पहिल्यांदा अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत. गावकऱ्यांनी उपकेंद्राला, केंद्राला गुण दिले, प्रगतिपत्रके भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडली. अधिकारी समोर बसून ऐकतात आणि तिथेच उत्तर देतात, ही सवय दोन्ही बाजूंना लागते. ती प्रत्येक तालुक्यात हवी, आणि एखाद्या प्रकल्पाच्या मुदतीवर अवलंबून नको.

इंडोनेशियाचे उदाहरण आपल्या अधिकाऱ्यांनी जरूर अभ्यासावे. तिथे २०१८ च्या नियमाने जिल्हा आणि शहर सरकारांवर बारा आरोग्यसेवांची किमान मानके बंधनकारक झाली. गर्भवती, प्रसूत होणाऱ्या स्त्रिया, नवजात बाळे, ज्येष्ठ नागरिक, उच्च रक्तदाब आणि मधुमेहाचे रुग्ण, क्षयाचे संशयित, तीव्र मानसिक आजार असलेले, असे ते गट आहेत आणि प्रत्येकात लक्ष्य शंभर टक्के. तिथेही सगळे साधले असे मी म्हणत नाही. पण मोजमाप माणसांपासून सुरू होते आणि उत्तर देणारे सरकार ठरलेले असते. आपण खोल्या, खाटा आणि पदे मोजतो. गावातल्या किती रक्तदाबाच्या रुग्णांना या महिन्यात गोळ्या मिळाल्या, याचे उत्तर देणारा कुणी नेमत नाही.

शहरांचा विषय वेगळ्या पत्राचा आहे. एवढेच सांगते की ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातील रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा सगळा रोख त्या एका रुग्णालयावर होता. आसपासच्या भागातून लोक तिथवर का येतात, वाटेतल्या कोणत्या केंद्रात त्यांना काय मिळाले नाही, हेही तितक्याच जोराने विचारायला हवे होते.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी निदान प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तालुक्यात हा फलक लावा. सेवेचे नाव, जबाबदार पद, कार्यालयाचा दूरध्वनी, किती दिवसांत उत्तर आणि त्यावर अपील कुणाकडे, एवढे पाच रकाने पुरेत. ग्रामविकास, नगरविकास, वैद्यकीय शिक्षण, महिला व बालविकास आणि आदिवासी विकास या खात्यांच्या सह्या त्या शासन निर्णयावर आपल्यासोबत असाव्यात, कारण त्यांच्याशिवाय निम्मे रकाने कोरे राहतील. आमच्या तालुक्याची निवड झाली तर ग्रामपंचायतीच्या वाट्याचे रकाने आम्ही पहिल्याच आठवड्यात भरून देऊ.

कळावे,

आपली,
एक ग्रामपंचायत सदस्य