‘सहा मीटर खोल’ लिहिलेलं यंत्र घेऊ नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, सोबतचं मेटल डिटेक्टरच्या जाहिरातीचं कात्रणही मिळालं. कात्रण आधी वाचलं आणि डोक्याला हात लावला. ‘सहा मीटर खोलीपर्यंतचं सोनं अचूक दाखवते.’ आणि खाली तुझं आपलं साधंभोळं, ‘एवढ्या पैशात एवढं मिळतंय, घेऊन टाकू का?’ नको रे बाबा. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी खिशात हात घालू नकोस.

मी यातला पंडित नाही, पण ठेच खाल्लेला आहे. माझं पहिलं मेटल डिटेक्टर मी असंच कात्रण बघून घेतलं होतं. एक डायल, एक काटा, दोन बटणं. काटा लोखंडाला नाचायचा, पितळेलाही नाचायचा आणि कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तारेच्या वेटोळ्याची चकती, ओल्या गवतावर घासली तरी नाचायचा. पहिल्याच दिवशी एका जागी काटा थयथयाट करायला लागला, मी गुडघाभर खड्डा खणला. निघालं काय, तर गंजून पापुद्रे सुटलेलं एक बिजागर. तेही खड्ड्यात नव्हतंच. पहिल्या दोन खुरप्यांतच वर आलं होतं आणि मी उपसून टाकलेल्या ढिगात आरामात पडलं होतं. उरलेला दीड तास मी पृथ्वीच्या पोटाकडे उगाच चाललो होतो. तेव्हापासून घरात माझं नाव ‘खड्डेखोर’ पडलंय. दोन महिन्यांत ते यंत्र मी एका पोराला खेळायला देऊन टाकलं.

तर आधी खोलीचं भूत उतरवू. कॉइलमधला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं, धातूमध्ये भोवऱ्यांसारखे बारीक प्रवाह उठतात आणि त्या प्रवाहांचं इवलंसं क्षेत्र परत कॉइलपर्यंत येतं. म्हणजे जाऊन यायचं. लांब गेलं की हे क्षेत्र अंतराच्या घनाने विरळ होतं, जातानाही आणि येतानाही. कॉइलपासून तिच्या आकाराच्या मानाने लांब असलेल्या नाण्याचं अंतर दुप्पट केलंस, तर परत येणारा इशारा चौसष्टावा हिस्सा उरतो. चौसष्टावा! म्हणून नावाजलेल्या यंत्रानेही बऱ्या मातीत वीतभर खोलीवरचं नाणं दाखवलं, की आम्ही लोक दिवसभर खूश असतो. दांड्याच्या दोन टोकांना दोन पेट्या असलेली यंत्रं असतात, ती याहून बरीच खोल बघतात खरी, पण त्यांना दिसतो हंडा, पिंप, पाइप. सुटं नाणं त्यांच्या खिजगणतीतही नसतं. सहा मीटरवरची अंगठी कोणालाच दिसत नाही.

त्याच कात्रणाच्या खालच्या कोपऱ्यात दुसरं एक यंत्र आहे, मुठीला फिरती दांडी लावलेलं. ‘लांबूनच गुप्तधनाची दिशा दाखवते’ म्हणे. त्याच्या तर वाऱ्यालाही उभा राहू नकोस. जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या इंग्रज गृहस्थाने अशीच मुठीवर फिरणारी अँटेना इराकसारख्या देशांच्या सुरक्षा दलांना बॉम्ब शोधायचं यंत्र म्हणून विकली. मूळ कल्पना कशाची, तर हरवलेले गोल्फचे चेंडू शोधायच्या एका गमतीच्या वस्तूची. आत काम करणारं काहीही नव्हतं. २०१३ साली त्याला १० वर्षांची शिक्षा झाली, पण तोवर लोक ते हातात धरून नाक्यानाक्यावर उभे होते. दांडी आपोआप वळते ती मनगटाच्या कलण्याने. सैन्यं जिथे फसली तिथे तुझी माझी काय कथा.

आता तुझा प्रश्न. ‘कोणतं घेऊ’ याच्या आधी ‘कुठे फिरणार’ हे ठरव, कारण पैसे त्यावरच वाचतात किंवा बुडतात. कोरडं शेत, माळ, बाग, मैदान असेल, तर एकाच वारंवारतेवर (कॉइलमधला प्रवाह सेकंदाला किती वेळा मागे-पुढे होतो तो आकडा) चालणारं साधं यंत्र पुरतं. समुद्राकाठची ओली वाळू असेल, तर गोष्ट वेगळी. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे एका वारंवारतेचं यंत्र तिथे वेड लागल्यासारखं किरकिरतं. तिथे एकाच वेळी अनेक वारंवारतांवर बघणारं यंत्र लागतं, नाहीतर पल्स पद्धतीचं, म्हणजे प्रवाहाचे तुटक झटके सोडणारं. पल्सवालं खोल जातं, मिठाला घाबरत नाही, पण लोखंड कोणतं आणि बाकीचं कोणतं हे त्याला धड सांगता येत नाही. वाळूत हाताने खणता येतं म्हणून चालून जातं. शेतात तेच घेऊन गेलास तर खिळे वेचून वेचून पाठ मोडेल.

वारंवारतेबद्दल लोक फार वाद घालतात. तुझ्यापुरतं एवढंच ध्यानात ठेव, की कमी वारंवारता तांब्या-चांदीच्या नाण्यांना मानवते आणि जास्त वारंवारता बारीक सोन्याला. मधलं काहीतरी, १० किलोहर्ट्झच्या आसपासचं, पहिल्या यंत्राला ठीक. सोन्याचे कण शोधायला नदीत उतरणार नसशील, तर यावर झोप घालवू नकोस.

झोप घालवायची ती ओळख-आकड्यावर. बऱ्या यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक इशाऱ्याला एक आकडा येतो, बहुतेक शून्य ते नव्व्याण्णव. लोखंड तळाला, चांदी-तांबं वरती. मध्ये जो पट्टा आहे तिथे सगळी भेसळ. चॉकलेटची फॉइल, कॅन उघडायची कडी आणि सोन्याची अंगठी ही तिन्ही त्याच पट्ट्यात वावरतात, कारण यंत्राला धातूचं नाव कळत नाही. कळतं ते फक्त परतीचा इशारा किती रेंगाळला एवढंच. आणि ते वस्तूच्या जाडी-आकारावरही ठरतं.

हे मी वाचलेलं होतं, तरी फसलो. ओळखीतल्या एका काकूंची अंगठी बागेत गवत उपटताना पडली. मी ऐटीत गेलो. कचरा नको म्हणून फॉइलचा पट्टा यंत्रातून बंद केलेला, तो तसाच. वाफ्यावरून तीनदा कॉइल फिरवली. काही नाही. काकू पायरीवर बसून बघताहेत, काही बोलत नाहीत, आणि ते न बोलणंच जास्त बोचतं. चौथ्या वेळी सगळे पट्टे उघडले. आता दर पावलाला घर्रर्र, टिक, घर्रर्र सुरू झालं. पण त्या गोंगाटात एका जागी एक छोटा, गोल, स्वच्छ आवाज आला. डावीकडून नेली तरी तोच, उजवीकडून आणली तरी तोच. काटकोनात वळून पुन्हा फिरवली, तोच. आकडा मात्र चक्क फॉइलचा. गवताच्या मुळांच्या जाळीत, दोन बोटं खाली, अंगठी मातीने भरून बसली होती. आतल्या बाजूला चिकटलेली माती काकूंनी पदराने पुसली आणि तिथेच बोटात घातली.

म्हणून म्हणतो, ज्यात पट्टे बंद करता येतात असं यंत्र घे, पण ती सोय वापरू नकोस. निदान पहिले महिने तरी लोखंडाचा आवाज बंद न करता तो वेगळा, खर्जात ऐकू येईल असं ठेव. खिळा एका बाजूने आवाज देतो, दुसऱ्या बाजूने तोंड फिरवतो. चांगली वस्तू बहुतेक वेळा चारही बाजूंनी तेच बोलते. गंजलेलं बाटलीचं झाकण मात्र अट्टल लबाड, ते मला अजूनही फसवतं.

दुसरी सोय जमिनीशी जुळवून घेण्याची, ग्राउंड बॅलन्स म्हणतात ती. मातीत लोहखनिज असतंच, लाल मातीत तर भरपूर, आणि यंत्राला तेही धातूसारखं भासतं. कॉइल जमिनीवर वर-खाली हलवत राहायची आणि यंत्राने तो गुणगुणाट शून्यावर आणायचा, असा तो प्रकार. स्वस्तातल्या बऱ्याच यंत्रांत हे कारखान्यातच एकदा ठरवून बंद केलेलं असतं. हलक्या मातीत चालतं, खनिजाच्या मातीत रडवतं. अशा वेळी नवखा माणूस संवेदनशीलता आणखी वाढवतो, मीही वाढवायचो. उलट करायचं असतं. दोन घरं खाली आण, गोंगाट बसतो आणि त्याच्याखाली दबलेला खरा आवाज वर येतो.

कॉइलचं थोडक्यात. डीडी नावाची, म्हणजे आत इंग्रजी डीच्या आकाराची दोन वेटोळी असलेली कॉइल खनिजाच्या मातीत सरस, ९ ते ११ इंचांची पहिल्यांदा पुरते. पुढे त्याच यंत्राला ५-६ इंचांची छोटी कॉइल सुटी मिळते का, एवढं विचारून ठेव. खिळ्यांनी भरलेल्या जागी तीच कामाची. आणि वजन! दुकानात सव्वा किलो काहीच वाटत नाही. दोन तास झुलवल्यावर कोपर बोलायला लागतं.

नावं विचारली होतीस म्हणून सांगतो. जुन्यात गॅरेट कंपनीचं एस २५०: ६.५ किलोहर्ट्झ, चार पेन्सिल सेल, ग्राउंड बॅलन्स नाही, पण हजारो लोक त्यावरच शिकले. वापरलेलं चांगल्या अवस्थेत मिळालं तर डोळे मिटून नाही, डोळे उघडे ठेवून घे. त्यानंतरच्यांत नोक्ताचं सिम्प्लेक्स प्लस मला सगळ्यात पटतं: १२ किलोहर्ट्झ, ग्राउंड बॅलन्स आपल्याला करता येतं, सबंध यंत्र पाण्यात बुडलं तरी चालतं, वजन १.३ किलो. समुद्रकाठ नक्की असेल तर मायनलॅबचं व्हँक्विश ३४०, ते अनेक वारंवारतांचं आहे. मात्र त्याची फक्त कॉइल पाण्यात घालायची, वरची पेटी नाही. यापैकी कोणतंही तुझ्या कात्रणातल्या चमत्कारापेक्षा बरं.

वापरलेलं घेताना लाजू नकोस. सेलचं झाकण उघडून हिरवी बुरशी आहे का बघ. यंत्र चालू ठेवून कॉइलवर बोटाने टिचकी मार, तारेचा जोड हलव. ओरडलं तर आत काहीतरी सुटलंय. मग खिशातलं नाणं कॉइलसमोर वीतभर अंतरावरून फिरव, दहाही वेळा बोललं पाहिजे. हे सगळं लाकडी टेबलापाशी कर, लोखंडी पलंगापाशी नाही. आणखी एक, नावाजलेल्या कंपन्यांच्या हुबेहूब नकला फिरतात. अनुक्रमांक मागून घे आणि पैसे देण्याआधी कंपनीकडून तपास. द्यायला का कू करणारा माणूस सोडून दे.

पलंगावरून आठवलं. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनवाला बेल आपलं यंत्र घेऊन शरीरातली गोळी शोधायला गेला होता. सापडली नाही. गादीखालच्या पोलादी स्प्रिंगांनी घात केला असं सांगतात, शिवाय डॉक्टरांनी त्याला एकच बाजू तपासू दिली. एवढा मोठा माणूस पलंगावर अडला, तर आपण बुटावर अडायला हरकत नाही. मी आठवडाभर ‘दर चौथ्या पावलाला काहीतरी आहे’ म्हणत होतो. बुटाच्या पुढच्या टोकात पोलादाची वाटी होती. साधे बूट घाल. मोबाइल मागच्या खिशात.

आता पैशाचं. तू सगळी रक्कम यंत्रावर लावायला निघालायस, तिथेच चुकतोयस. दहा हिस्से कर, सात यंत्राला. उरलेल्या तिनात पिनपॉइंटर, हेडफोन आणि दणकट खुरपं. पिनपॉइंटर म्हणजे टॉर्चएवढी कांडी, टोक धातूच्या बोटभर जवळ गेलं की थरथरते. ती असती तर माझं बिजागर ढिगात दोन मिनिटांत सापडलं असतं. हेडफोन महागडा नको, पण पिन जाड आहे की बारीक ते यंत्राशी जुळवून घे. खणताना तीन बाजूंनी काप मारून गवताचा तुकडा झाकणासारखा उलटायचा, माती फडक्यावर काढायची, परत भरून पायाने दाबायचं. जागेच्या मालकाला आधी विचारायचं. संरक्षित वास्तू किंवा उत्खननाच्या जागेकडे फिरकायचंसुद्धा नाही. जुनं काही निघालं तर तिथला कायदा काय म्हणतो ते आधीच माहीत करून घे. आणि तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता मागे फिर, पोलिसांना कळव.

पिनपॉइंटर मात्र विकत घेऊ नकोस. माझा जुना या पत्रासोबतच पाठवतोय, त्या हिश्शात बरी कॉइल बसेल. त्याचं मागचं झाकण सैल आहे, म्हणून रबर बँड लावलाय. तो काढू नकोस, सेल बाहेर पडतो.

तुझा,
खड्डेखोर