मुक्तास पत्र : शाश्वत विकासाच्या तासाबद्दल

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

स्वरयंत्राला सूज आल्यामुळे डॉक्टरांनी तुला दोन आठवडे बोलणे बंद ठेवायला सांगितले आहे, हे काल दादाकडून कळले. फोन केला तर तू उचलशील आणि बोलत बसशील, म्हणून पत्र लिहिते आहे. अभियांत्रिकीच्या मुलांच्या शाश्वत विकासाच्या तिन्ही तुकड्या तू एकटीच घेतेस, याची मला कल्पना नव्हती. प्रकृतीविषयी मात्र फार लिहायचे नाही, असे ठरवूनच बसले आहे.

विद्यार्थी ‘हे परीक्षेला आहे का’ असे विचारतात आणि सहकारी तुझ्या तासाला विसाव्याचा तास समजतात, याचे तुला वाईट वाटते. मला यात मुलांचा दोष दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाची १९८७ ची व्याख्या (पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागवणे) आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेली १७ उद्दिष्टे सांगितली की विषय झाला, अशीच त्याची मांडणी बहुधा असते. ज्यांना तुळईत किती पोलाद लागेल याचा हिशेब काढायला शिकवले आहे, त्यांना आकडेमोड नसलेला विषय उपदेश वाटतो. आणि उपदेश पटेनासा झाला की शिकवणाऱ्याचा आवाज चढतो. सुमनमावशीने शिकवण्याचे शेवटचे सत्र असेच आवाज चढवून ओढून नेले होते, हे तू विसरली नसशील.

म्हणूनच तू मुलांना त्यांनीच संकल्पित केलेल्या स्लॅबचा कार्बन, म्हणजे तो बनताना हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड, मोजायला लावलेस, याचा मला फार अभिमान वाटला. चुनखडी भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून क्लिंकर, म्हणजे जे दळून सिमेंट करतात ते खडे, होतो, आणि टनभर क्लिंकरमागे साधारण अर्धा टन कार्बन डायऑक्साइड निव्वळ त्या दगडातून बाहेर पडतो. इंधनाचा धूर वेगळाच. भट्टीचे इंधन कितीही स्वच्छ केले तरी हा वाटा राहतो, हे स्वतः मांडलेल्या गणितातून कळले की कोणी परीक्षेचे विचारत नाही. तिथेच थांबू नकोस. सिमेंटचा काही भाग वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेने किंवा लोखंडाच्या भट्टीतल्या मळीने भरून काढला, तर काँक्रीटला ताकद हळूहळू येते; मग ती २८ दिवसांऐवजी ५६ दिवसांनी तपासायची का, सेंट्रिंग, म्हणजे ओल्या काँक्रीटखालचा आधार, अधिक दिवस ठेवावे लागले तर वाढलेला खर्च कोणी सोसायचा, यावर त्यांना भांडू दे. मी सारी नोकरी काँक्रीटमध्ये काढली आहे. खरा विषय या भांडणात आहे.

थॉमस मिजली या अमेरिकी अभियंत्याचीही हकिगत सांग. इंजिनाची ठोठो थांबवायला त्याने पेट्रोलमध्ये शिसे घातले, आणि फ्रिजमधल्या विषारी शीतक वायूंना पर्याय म्हणून क्लोरोफ्लुरोकार्बन पुढे आणले. विचारलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अचूक होती; त्यांचे दुष्परिणाम मात्र कोणी हिशेबात धरले नव्हते. क्लोरोफ्लुरोकार्बनमुळे ओझोनच्या थराला असलेला धोका मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवला, आणि त्यांचा वापर आवरणारा माँट्रियल करार १९८७ मध्ये झाला. जीवनचक्राचा, म्हणजे वस्तू बनण्यापासून मोडेपर्यंतच्या परिणामांचा, हिशेब करताना काय धरायचे आणि काय सोडायचे याची सीमा आधी कुठे आखायची, हे मुलांना यावरून जितके उमगेल तितके व्याख्येवरून उमगणार नाही. क्षमा कर, मीच तास घेऊ लागले. यातले निम्मे तुला ठाऊक आहे.

तू आठ-नऊ वर्षांची असशील. माझ्या नकाशावर कोपरे टेकवून तू विचारले होतेस, ‘हा पूल मोडल्यावर कुठे टाकणार?’ आमच्या कार्यालयात तोवर तो प्रश्न कोणी काढलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तो वरिष्ठांना विचारला, आणि पाडकामाच्या मालाचा रकाना पुढच्या अंदाजपत्रकात आला. तो प्रश्न आता शेकडो मुलांना विचारणारी तू आहेस, आणि तुझाच घसा बसला तर तो कोण विचारील, ही धास्ती माझ्या मनातून जात नाही.

स्वतंत्र विषय राहू दे, पण तो एकटीच्या आवाजावर उभा ठेवू नकोस. संरचना शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांच्याच संकल्पन-पाठात कार्बनचा एक रकाना घालायला सांग. तुझ्यासारखा वेगळा तास त्यांना घ्यावा लागणार नाही. विभागप्रमुखांकडे दुसरा शिक्षक लेखी माग. या दोन आठवड्यांत मुलांनी गटागटाने आपापले हिशेब मांडावेत, आणि तू फक्त वहीत शेरे लिहावेस. स्लॅबचा तो तक्ता मला पाठव. ५६ दिवसांच्या ताकदीचे आकडे मी माझ्या जुन्या नोंदींशी ताडून कळवते.

तुझी,
आई